नवा गुडघा, जुनी मांडी

गुडघा बदलून घरी आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच ऐकावं लागतं, ‘एवढा खर्च केलाय, आता जरा जपून वापरा.’ म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मग आजींचं भाजीला जाणं बंद होतं, आजोबांना जिना उतरू दिला जात नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात येतो. २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा बदलला गेला, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया आपल्याकडे घरोघरी ठाऊक झाली. २०१७ मध्ये सरकारने गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातल्यावर ती आणखी काहींच्या आवाक्यात आली. काटकसरीचा हिशेब मात्र कायम राहिला: कमी वापरा, जास्त टिकेल. हा हिशेब अर्धा खरा आहे.

खऱ्या अर्ध्याची गोष्ट इंग्लंडमधली. लँकेशायरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात सर्जन जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस खुब्याच्या सांध्यासाठी टेफ्लॉनची वाटी वापरली. टेफ्लॉन गुळगुळीत, घर्षण नावाला. रुग्ण खूश होऊन घरी गेले. काही वर्षांतच वाट्या झिजल्या, आणि झिजून सुटलेल्या कणांभोवती शरीरात दाह सुरू झाला. दोष टेफ्लॉनचाच का, हे पडताळायला चार्नलींनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं, आणि तिथेही दाह झालाच. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी टेफ्लॉन सोडून जास्त घनतेचं पॉलिएथिलीन घेतलं. आजचे बहुतेक कृत्रिम खुबे नि गुडघे त्याच प्लास्टिकच्या घराण्यातले आहेत.

गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी बसवतात, नडगीच्या हाडावर धातूची बैठक, आणि दोन्हींच्या मध्ये साधारण सेंटीमीटरभर जाडीची प्लास्टिकची चकती. चालताना या चकतीचे सूक्ष्म कण सुटतात. शरीरातल्या भक्षक पेशी ते गिळतात. पण पचवता येत नाहीत म्हणून चवताळतात आणि अशी रसायनं सोडतात की त्यांच्यापायी आसपासचं हाड विरत जातं. सांधा सैल होण्याचं हे एक मोठं कारण. झीज किती वर्षं झाली यावर ठरत नाही, पावलं किती पडली यावर ठरते, हेही मोजून सिद्ध झालेलं आहे. इथवर घरच्यांचं बरोबर.

चुकतं ते यापुढे. १९९० च्या दशकाच्या शेवटी किरणोत्सर्गाने रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतवलेलं प्लास्टिक आलं आणि झीज पुष्कळ कमी झाली; खुब्यात तर फारच. त्याआधीच्या पिढीतले गुडघेही काही लेचेपेचे नव्हते. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या राष्ट्रीय नोंदींवरून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१९ मध्ये छापलेला अंदाज असा, की पूर्ण बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षांनंतरही काम देतात. सत्तरीत बसवलेला गुडघा बहुतेकांना जन्मभर पुरतो. त्याला गादीवर ठेवून आणखी टिकवण्यात काय मिळवायचं?

आणि गमावायचं काय, ते मांडीत दिसतं. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद मोजली तेव्हा ती आधीच्या निम्म्याहूनही कमी भरली. सरासरी घट ६० टक्क्यांच्या आसपास होती. एका महिन्यात स्नायू इतका वाळत नाही. सुजलेल्या, दुखावलेल्या सांध्याकडून येणारे संदेश मज्जारज्जूपाशीच स्नायूला आवर घालतात, आणि रुग्णाने कितीही जोर लावला तरी स्नायू पुरता आवळला जात नाही. म्हणून तर रुग्णालयात दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ‘दाबा, आणखी दाबा’ म्हणत बसते. बघणाऱ्याला वाटतं, हा कसला व्यायाम! पाय तर हललाही नाही. पण गुडघ्याच्या वाटीच्या वर बोट ठेवून पाहा. स्नायू आधी नुसता थरथरतो, काही दिवसांनी टणक होतो. मेंदू आणि मांडी यांची तुटलेली बोलणी पुन्हा सुरू होतात ती इथे. गुडघा सर्जन बदलून देतो. मांडी मात्र जुनीच असते, आणि ऑपरेशनआधीची कितीतरी वर्षं दुखण्यामुळे तिने काम टाळलेलं असतं.

सवयीचंही तसंच. अंगावर मोजणी यंत्र बांधून केलेल्या पाहण्यांत एक विचित्र गोष्ट आढळली: सहा महिन्यांनी वेदना पुष्कळ कमी झालेल्या असतात, चालणं मात्र जवळपास पूर्वीइतकंच. गुडघा मोकळा झाला तरी माणूस खुर्चीतच राहतो.

मग किती भार चालतो? याचं उत्तर बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी गुडघ्यालाच विचारलं. काही रुग्णांना त्यांनी बसवले ते मोजणीची साधनं असलेले गुडघे. आतल्या बळाचे आकडे तारेविना बाहेर येतात. सपाट चालताना गुडघ्यावर वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना चढताना तिपटीहून थोडा जास्त, उतरताना साडेतीन पटीच्या घरात. माणूस ६० किलोचा असेल तर उतरताना एका गुडघ्यावर दोनशे किलो. शरीर तोलून धरायला स्नायू सांध्याला आवळतात, म्हणून आकडा एवढा फुगतो. खुर्चीतून उठतानाही भार चालण्याइतकाच असतो. म्हणजे ‘चालू नका, बसून राहा’ म्हटलेला माणूस दर वेळी उठताना तोच भार सोसतो, मांडीला मात्र त्याचा व्यायाम पुरेसा मिळत नाही. जागच्या सायकलीवर, हलक्या दाबाने पायडल मारताना भार वजनाहून थोडाच जास्त भरतो. सायकलीला माझं झुकतं माप आहे ते यामुळे. पोहणंही उत्तम, पण जखम पूर्ण भरल्यावर.

पुण्यातल्या लोकांना पर्वती पुन्हा चढायची असते. जरूर चढावी, सर्जनना विचारून. वर जाताना लागलेला दम सगळ्यांना दिसतो, गुडघ्याची खरी परीक्षा मात्र खाली येताना होते. सुरुवातीच्या दिवसांत जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. कारण सोपं आहे: चढताना जो पाय वर जातो तो अंग उचलतो आणि उतरताना मागे राहिलेला पाय अंग सावकाश खाली सोडतो, दोन्ही वेळा कष्ट चांगल्याच्या वाट्याला. मांडी तयार झाली की ही विभागणी सोडून द्यावी, नाहीतर दुबळा पाय दुबळाच राहतो.

धावणं, उड्या, कबड्डी, बॅडमिंटनमधली झटकन गिरकी यांना बहुतेक सर्जन नकार देतात. वारीचं विचारणारेही असतात. सपाट रस्ता गुडघ्याला जड नाही. पंढरपूरपर्यंत रोज इतकं लांब चालणं जड आहे, आणि त्याची तयारी महिनोन्‌महिने आधी लागते.

आपल्याकडचा नाजूक मुद्दा जमिनीचा. उकिडवं बसायला गुडघा १२० अंशांच्या पुढे वाकावा लागतो. बदललेला गुडघा बहुधा ११०-१२० पर्यंत येतो. शस्त्रक्रियेआधी किती वाकत होता, यावर पुढचं बरंचसं ठरतं. म्हणून कमोड हवाच, आणि मांडी घालून जेवायचा हट्ट नको. खुबा बदललेल्यांनी तर सुरुवातीचे आठवडे पायावर पाय टाकणं आणि खोल खुर्चीत बसणं टाळावं, सांधा निखळू शकतो.

मात्र जमिनीला कायमचं घाबरून चालत नाही, कारण म्हातारपणी माणूस पडतो. गुडघ्यावर टेकताना विचित्र वाटतं. चिरेच्या बाहेरच्या बाजूला त्वचेची बारीक नस कापली जाते आणि तिथे बधिरपणा राहतो. जखम भरल्यावर, सर्जननी हरकत घेतली नाही तर, मऊ उशीवर टेकण्याने सांध्याचं सहसा बिघडत नाही. पडलंच तर कुशीवर वळायचं, हात आणि गुडघ्यांवर यायचं, खुर्ची धरून चांगला पाय पुढे रोवायचा आणि त्यावर जोर देऊन उठायचं. हे फिजिओथेरपिस्टसमोर, सतरंजीवर, आधी करून पाहायला हवं. व्यायामांच्या छापील कागदावर ते क्वचितच असतं, म्हणून आपणहून मागून घ्यावं.