विद्यापीठीय नभोवाणी
विद्यापीठ वा महाविद्यालय यांच्या आवारातून, मुख्यतः तेथील विद्यार्थ्यांच्या सहभागाने, मर्यादित क्षेत्रासाठी होणारे ध्वनिक्षेपण. भारतात नभोवाणी दीर्घकाळ शासनाच्याच हाती होती. दिल्लीत २१ जुलै १९६९ रोजी सुरू झालेल्या ‘युववाणी’ या कार्यक्रमाने तरुणांना निवेदक केले. केंद्र मात्र आकाशवाणीचेच राहिले. नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. पुढे डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना केंद्र चालविण्याची परवानगी देण्याचे धोरण केंद्र शासनाने स्वीकारले आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ (१०७.४ मेगॅहर्ट्‌झ) व मुंबई विद्यापीठाचे केंद्र (१०७.८ मेगॅहर्ट्‌झ) ही या प्रकारची होत.

अशा केंद्राची परिणामी प्रारणशक्ती सामान्यतः १०० वॉट आणि आकाशकाची उंची फार तर ३० मी. असते. या कंप्रतेच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने कार्यक्रम सु. १० किमी. परिसरातच नीट ऐकू येतो. मराठवाड्यात ही मर्यादा विशेष जाणवते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे येतात. मात्र विद्यापीठ नांदेडजवळ विष्णुपुरी येथे आहे. तेथे उभारलेल्या स्तंभाच्या टप्प्यात विद्यापीठाची वसतिगृहे, १९८१ मध्ये निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आणि गोदाकाठची गावे येतील. किनवट वा देगलूरचा विद्यार्थी सुटीत घरी गेला, की त्याचे केंद्र तुटलेच. सु. १४० किमी. दूर असलेल्या लातूरला तर ते पोहोचणारच नाही. वास्तविक तेथे श्रोत्यांची उणीव नाही : ‘लातूर पॅटर्न’मुळे जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुले शिकवणी वर्गांच्या आसपास खोल्या घेऊन राहतात आणि त्यांतील कित्येकांचा महाविद्यालयाच्या आवाराशी फारसा संबंध उरत नाही. अनेक जिल्ह्यांत काम करणाऱ्या संस्थेस वेगवेगळ्या जिल्ह्यांत सहापर्यंत केंद्रे उभारण्याची मुभा २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दिली, त्यामुळे लातूरला स्वतंत्र स्तंभ निदान नियमांत तरी बसतो.

परवानगी संस्थेच्या नावे मिळते, विद्यार्थ्यांच्या नव्हे. कार्यक्रमांपैकी निदान निम्मे स्थानिक निर्मितीचे असावे लागतात. गाणी लावणे सोपे. रोज गावात जाऊन ध्वनिमुद्रण करणे, ते तपासून वेळेवर प्रक्षेपित करणे अवघड. शिवाय जमलेली मंडळी दोन-तीन वर्षांत पदवी घेऊन निघून जातात. म्हणून एखादा कायम तंत्रज्ञ नसेल, तर केंद्र उत्साहात सुरू होऊन परीक्षेच्या हंगामात मुके होते.

बातम्या व चालू घडामोडींचे स्वतःचे कार्यक्रम करण्यास या केंद्रांना मनाई आहे. परीक्षा, प्रवेश व निकाल यांची माहिती, हवामान, तसेच स्थानिक प्रशासनाने दिलेल्या वीज-पाण्याच्या सूचना मात्र बातम्या समजल्या जात नाहीत. हा भेद कागदावर दिसतो तितका स्पष्ट नाही. १९७४ च्या विकास आंदोलनात रस्त्यावर उतरलेल्या मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना तो सहज पटला नसता. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वेळी कोणत्या भागात कधी पाणी येणार, हे केंद्राने सांगणे नियमात बसते. ते का आटले, याविषयी विद्यार्थ्यांनी केलेली चर्चा चालू घडामोडींत गणली जाण्याचा संभव असतो, आणि परवानगी गमावण्याची धास्ती असलेली संस्था बहुधा पहिल्यावरच थांबते.