अपूर्णांक दिसले की दशांशाकडे पळू नका

जळगाव-धुळ्याकडे दहावीच्या मुलांशी निर्देशक भूमितीवर बोलताना एक सल्ला हमखास कानावर येतो: ‘निर्देशकांत अपूर्णांक आले ना, मग दशांशात करून घ्या, चढ पटकन निघतो.’ मोठी माणसेही हेच सांगतात, याचे जास्त वाईट वाटते. चढ पटकन निघतो खरा, पण बऱ्याचदा तो त्या रेषेचा नसतो.

(१/३, १/२) आणि (२/३, ५/२) हे बिंदू घ्या. य-निर्देशकांतला फरक २, क्ष-निर्देशकांतला १/३. दोनला १/३ ने भागायचे म्हणजे ३ ने गुणायचे. चढ ६. झाले गणित.

आता दशांशात करू. ०.३३ आणि ०.६७, फरक ०.३४, चढ ५.८८. ‘एवढ्याशा फरकाने काय बिघडते?’ बिघडते! (१, ९/२) हा तिसरा बिंदू याच रेषेवर आहे. दुसऱ्या-तिसऱ्या बिंदूंवरून अपूर्णांकांत चढ पुन्हा ६ च येतो. दशांशात मात्र १ − ०.६७ = ०.३३, म्हणून ६.०६. एकाच रेषेचे दोन चढ! ‘हे बिंदू एकरेषीय आहेत का?’ असा प्रश्न असला, तर मूल ‘नाहीत’ असे लिहून येते. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, निष्कर्ष उलटा.

१/२, २/५, ३/४ यांचे दशांश रूप संपते, तिथे धोका नाही. पण अतिसंक्षिप्त रूपात छेदाला २ आणि ५ सोडून तिसरा मूळ अवयव असला, की दशांश संपतच नाही. कुठेतरी तोडावा लागतो आणि चूक तिथेच शिरते. परीक्षेत कॅल्क्युलेटरही नसतो, मग या वाटेने जायचेच कशाला?

अपूर्णांकाने भागताना भाजकाचे अंश-छेद उलटून गुणायचे, हा नियम भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त दिला आहे. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला, म्हणजे आपल्याच जळगाव जिल्ह्यात सापडला. त्या खान्देशात अपूर्णांकांची भीती असावी, हे मनाला पटत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘निर्देशक अपूर्णांक, तर चढही अपूर्णांक’: वर ६ आला, तो पाहा. ‘छेद उडवून टाकले तरी चालतात’: चारही संख्यांना एकाच संख्येने गुणले तरच. वरच्या पहिल्या दोन बिंदूंना ६ ने गुणले, की (२, ३) आणि (४, १५), चढ ६ च; क्ष-निर्देशकांना ३ ने आणि य-निर्देशकांना २ ने गुणले, तर ४ येतो, तो चूक. ‘मोठी संख्या आधी घ्यायची’: क्रम कोणताही घ्या, वर आणि खाली तोच ठेवा. ‘अंशात शून्य, म्हणजे चढ नाही’: तेव्हा चढ शून्य असतो; छेदात शून्य आले, तर तो ठरवता येत नाही.

शिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती: मुलांना शेवटच्या ओळीपर्यंत अपूर्णांकच ठेवू द्या, आणि दशांश प्रश्नात मागितला असेल तरच काढायला सांगा.