नदी उजव्या हाताला ठेवणारा नकाशा

दोन ठिकाणांमधला जवळचा रस्ता शोधणे हे ऑनलाइन नकाशांचे मुख्य काम असते. नर्मदेच्या पायी परिक्रमेत मात्र हाच जवळचा रस्ता पुष्कळदा वर्ज्य ठरतो. अमरकंटकला उगम पावून १३१२ किलोमीटरांवर भडोचजवळ समुद्राला मिळणारी ही नदी सतत उजव्या हाताला ठेवून चालायचे, उपनद्या ओलांडल्या तरी खुद्द नर्मदेचे पात्र कोठेही ओलांडायचे नाही, असा परिक्रमेचा नियम असून, दोन्ही तट मिळून ही वाट अडीच हजार किलोमीटरांहून अधिक भरते. त्यामुळे कोणते अ‍ॅप सर्वांत चांगले, हा प्रश्न येथे फारसा उपयोगाचा नाही. कोणत्या साधनाला आपला नियम पाळायला लावता येतो आणि कोणते साधन तो नकळत मोडायला लावते, एवढेच परिक्रमावासीयाने पाहायचे असते.

सर्वांच्या हातातले गूगल मॅप्स या कसोटीवर कमी पडते. घाटाजवळच्या एका गावाहून पुढच्या गावाचा रस्ता विचारला की नदीला मोठे वळण असेल तेथे ते पुलावरून पलीकडे नेऊन पुन्हा अलीकडे आणू शकते, आणि ओंकारेश्वर शोधले तर मांधाता बेटावरच्या मंदिरापर्यंतचा मार्ग दाखवते; परिक्रमा चालू असताना हे बेटही वर्ज्य, कारण ते पात्राच्या मधोमध आहे. शिवाय त्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवता येत असला तरी नेटवर्क नसताना ते वाहनाचा रस्ता सांगते, पायी चालण्याचा नाही. जवळचा दवाखाना, औषधाचे दुकान किंवा एसटीचा थांबा शोधण्यासाठी ते उत्तम आहे आणि त्याचा उपयोग तेवढ्यापुरताच करावा.

तटावरच्या पायवाटांसाठी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप अधिक उपयोगी पडतो. हा नकाशा जगभरातले स्वयंसेवक स्वतः पाहून किंवा उपग्रहचित्रांवरून रेखाटून भरतात आणि त्यातली माहिती कोणालाही विनामूल्य वापरता येते; ऑस्मअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही अ‍ॅपे त्याच माहितीवर चालतात. मध्य प्रदेश, गुजरात आणि महाराष्ट्राचे नकाशे घरूनच उतरवून घेतले की पुढे नेटवर्कची गरज राहत नाही, कारण फोनमधला जीपीएस आपले स्थान थेट उपग्रहांच्या संकेतांवरून ठरवतो. या नकाशाची उणीव त्याच्या घडणीतच आहे: जेथे एखादा उत्साही स्वयंसेवक फिरला तेथे विहीर, घाट, बांधावरची वाट असे सगळे सापडते, आणि जेथे कोणी फिरले नाही तेथे पाड्याकडे जाणारा कच्चा रस्तासुद्धा सापडत नाही. कोरी जागा म्हणजे वाट नाही असे समजणाऱ्याची फसगत ठरलेली.

मार्गाची आखणी घरी संगणकावर करावी, कारण तेथे वाट कोठून जावी हे साधनाला सांगता येते. बीराउटरसारख्या साधनात पुलाच्या अलीकडे, आपल्याच तटावर मध्यबिंदू देत गेले की मार्ग पलीकडे जात नाही, आणि जेथे नकाशात वाटच नाही तेथे सरळ रेघ ओढून पुढे जाता येते. तयार झालेला मार्ग जीपीएक्स या स्वरूपात साठवतात. ही साधी मजकुरी फाइल असून तिच्यात अक्षांश-रेखांशांची माळ असते आणि बहुतेक सर्व अ‍ॅपे ती वाचतात. दक्षिण तट आणि उत्तर तट यांच्या दोन स्वतंत्र फाइली केलेल्या बऱ्या, म्हणजे साधनाला दोन तट जोडण्याची संधीच मिळत नाही. दुसऱ्या कोणी नोंदवलेली फाइल वापरायची झाल्यास ती कोणत्या वर्षाची, कोणत्या महिन्यातली आणि चालत नोंदवलेली की गाडीतून, हे आधी तपासावे. मोटारीने परिक्रमा करणारे आता पुष्कळ आहेत आणि त्यांची वाट महामार्गाने जाते.

महिन्याला एवढे महत्त्व धरणांमुळे आले आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे मराठी वाचकांच्या मनात जो तट आहे, त्याचा मोठा भाग बर्गी, इंदिरा सागर आणि सरदार सरोवर यांच्या पाण्याखाली गेला, हरसूद हे गाव २००४ मध्ये उठले आणि शूलपाणेश्वराचे जुने मंदिर बुडून गोऱ्याला नवे उभे राहिले. सरदार सरोवराचा फुगवटा, म्हणजे धरणामागे मागपर्यंत साचलेले पाणी, सुमारे २१४ किलोमीटर लांब असून नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेवरचा नर्मदाकाठही त्यात येतो. म्हणूनच दक्षिण तटाने जाणारे अनेक परिक्रमावासी शूलपाणीच्या झाडीऐवजी शहादा-प्रकाशामार्गे वळसा घेतात. या जलाशयांची पातळी वर्षभर खालीवर होत राहते आणि परिक्रमेचा हंगाम चातुर्मास संपल्यावर, कार्तिकात सुरू होतो, म्हणजे नेमका धरणे तुडुंब असण्याच्या काळात. मे महिन्याच्या उपग्रहचित्रात दिसणारी काठाची ठळक वाट नोव्हेंबरात पाण्याखाली असू शकते. गूगलच्या नकाशातली चित्रे वेगवेगळ्या तारखांची जोडलेली असतात. उलट युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे कोपर्निकस ब्राउझरवर तारीख निवडून फुकट पाहता येतात. त्यातला एक ठिपका १० मीटरांचा असल्याने पायवाट दिसत नाही, पण पाण्याची कड स्पष्ट दिसते, आणि येथे तीच पाहायची असते.

चढउताराच्या आकड्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. अनेक साधनांमधली उंची नासाच्या एंडेव्हर यानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने केलेल्या मोजणीवरून येते. तेव्हा सरदार सरोवर आजच्या उंचीला पोचलेले नव्हते, ते १३८.६८ मीटरांच्या पूर्ण पातळीपर्यंत प्रथम २०१९ मध्ये भरले. साहजिकच काही ठिकाणी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, आता बुडालेले उतार दाखवतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकांत एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर असतो आणि जुन्या पत्रकांत बुडालेल्या गावांची नावेही सापडतात. वाट काढायला ती अपुरी, पण गावातले म्हातारे ज्या नावांनी दिशा सांगतात ती नावे समजून घ्यायला फार उपयोगी.

समुद्राजवळ मात्र सगळीच साधने थांबतात. दक्षिण तटावरच्या विमलेश्वराहून उत्तर तटावरच्या मिठी तलाईपर्यंत परिक्रमावासी नावेने, भरतीची वेळ साधून जातात. ही वाट बहुधा कोणत्याच साधनाला सुचत नाही, आणि विचारल्यास ते मागे फिरवून भडोचच्या पुलाकडे बोट दाखवते. नावेत फोन उघडला तर निळ्या रंगात एकटा ठिपका सरकताना दिसतो, दक्षिण तटाची फाइल मागे संपलेली असते आणि उत्तर तटाची अजून सुरू झालेली नसते.