विमानाला उशीर होतो तेव्हा : थांबावे की वाट बदलावी?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही माझ्याकडे लेखाची मागणी केली, तेव्हा लसीकरण किंवा बालकांचा आहार असा एखादा विषय त्यांच्या मनात असावा. त्या विषयांवर मी याच पानांतून पूर्वी लिहिले आहे. या वेळी थोडा निराळा विषय घेत आहे. परिषदा, परीक्षकपदाची कामे आणि परगावी वा परदेशी स्थायिक झालेली मुले यांमुळे आपल्यापैकी अनेकांना वर्षातून बऱ्याचदा विमानाने जावे लागते. विमान एकदा लांबले, दुसऱ्यांदा लांबले, तिसऱ्यांदाही लांबले, तर तसेच थांबून राहावे की दुसरी सोय पाहावी? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तो तसा नाही, हे मी जानेवारी २०२४ मध्ये शिकलो.

त्या वेळी पदव्युत्तर परीक्षेच्या कामासाठी मी दिल्लीस होतो. शनिवार, १३ जानेवारीला सकाळी बडोद्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, आई न्हाणीघरात पडली. खुब्याचे हाड मोडले आहे." आईचे वय तेव्हा ८४ होते. वृद्धांच्या खुब्याच्या अस्थिभंगात शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांत उरकणे हिताचे असते, हे आपण सारे जाणतो. त्याप्रमाणे सोमवारी सकाळी नऊची वेळ ठरली. रविवारी दुपारी बाराच्या विमानाचे परतीचे तिकीट माझ्याजवळ होतेच. आईशी बोललो. ती एवढेच म्हणाली, "तू ये, मग मला आत नेऊ देत. तुझ्याशी थोडं बोलायचं आहे."

रविवारी पहाटेपासून दिल्लीवर दाट धुके उतरले होते. अकरा वाजता पहिला संदेश आला की विमान दोन वाजता सुटेल. पुढे दोनाचे साडेतीन झाले, साडेतिनाचे साडेपाच आणि साडेपाचाचे सात. दुपारी एकच्या सुमारास मी सहज मोबाइलवर पाहिले. सायंकाळी पाचच्या सुमारास नवी दिल्लीहून सुटून पहाटे बडोद्यास पोहोचणाऱ्या राजधानी एक्सप्रेसमध्ये काही जागा रिकाम्या दिसत होत्या. विमानतळावरून एक्सप्रेस मेट्रोने नवी दिल्ली स्थानक सुमारे वीस मिनिटांवर आहे. मी उठलो नाही. "दोन तास थांबलोच आहे, आता थोडक्यासाठी कशाला?" असा विचार केला. साडेतीन वाजताही हाच विचार केला. रात्री साडेआठ वाजता विमान रद्द झाल्याचे जाहीर झाले.

दुसऱ्या दिवशी अहमदाबादचे विमान मिळाले, तेही उशिराने. तेथून मोटारीने बडोद्यास पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. संमतीपत्रावर सही बहिणीने केली होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. परंतु या वयात पुष्कळदा होते तसे झाले, त्या संध्याकाळपासून आईला भ्रम झाला. चार दिवस ती मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारीत होती. पाचव्या दिवशी तिने मला ओळखले. काय बोलायचे होते, असे विचारले, तेव्हा म्हणाली, "आता नाही रे आठवत." पुढे आई दीड वर्ष होती, काठी घेऊन अंगणापर्यंत चालतही असे. ते बोलणे मात्र राहिले ते राहिलेच.

धुके हा निसर्गाचा भाग आहे. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. त्या राजधानीलाही धुक्यामुळे उशीर झाला असता. तरीही ती रद्द झाली नसती तर नऊच्या आत मी आईच्या खाटेशी पोहोचण्याची शक्यता बरीच होती. चूक माझ्या निर्णयाची होती. किंबहुना मी निर्णय घेतलाच नाही, ही खरी चूक होती. त्यानंतर या विषयाची जी माहिती मिळवली आणि जो विचार केला, तो येथे मांडत आहे.

उशीर वाढत का जातो?

आपल्याला वाटते की धुके विरले की विमाने सुटली पाहिजेत. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि त्यामागे तीन कारणे आहेत. पहिले कारण दृश्यतेच्या मर्यादेचे. दिल्लीस 'कॅट तीन बी' ही यंत्रणा आहे. तिच्या साहाय्याने, योग्य उपकरणे असलेले विमान आणि त्यासाठी प्रशिक्षित वैमानिक असतील, तर धावपट्टीवरची दृश्यता ५० मीटर असतानाही उतरता येते. उड्डाणासाठी मात्र १२५ मीटर दृश्यता लागते. म्हणजे विमाने उतरत आहेत आणि सुटत मात्र नाहीत, अशी स्थितीही संभवते. शिवाय अशा हवेत दोन विमानांमधील अंतर वाढवावे लागते, त्यामुळे तासाला होणाऱ्या उड्डाणांची संख्या घटते. सकाळी तुंबलेली रांग धुके गेल्यावरही कित्येक तास ओसरत नाही.

दुसरे कारण विमानाच्या दिनक्रमाचे. देशांतर्गत मार्गांवरील एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करते. आपले दुपारचे विमान सकाळी कुठल्या तरी दुसऱ्याच शहरात अडकलेले असते. तिसरे कारण कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांचे. वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे, आणि ती असलीच पाहिजे. अठरा तास जागलेल्या निवासी डॉक्टरच्या हाती आपण तरी शस्त्र देऊ का? ही मर्यादा प्रतीक्षेतच संपली तर विमान उभे असूनही सुटत नाही, दुसरे वैमानिक यावे लागतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. फलकावरची नवी वेळ हा पुष्कळदा केवळ अंदाज असतो. तो खरा की खोटा हे पडताळण्याचा उपाय सोपा आहे. आपल्या फेरीसाठी येणारे विमान या क्षणी कोठे आहे, हे पाहावे. 'फ्लाइटरडार२४' सारख्या ॲपवर ते बहुधा दिसते; न दिसल्यास काउंटरवर नेमके हेच विचारावे, "येणारे विमान तिकडून सुटले का? वैमानिक हजर आहेत का?" विमान दीड तासाच्या अंतरावरील शहरातून अजून उडालेच नसेल, तर एका तासाने सुटण्याची घोषणा खरी ठरणे अशक्य आहे. विमान समोर उभे असेल, वैमानिक आले असतील आणि केवळ रांगेतील क्रमांकाची वाट असेल, तर थांबणे शहाणपणाचे.

चार तासांचा धडा

आम्हा बालरोगतज्ज्ञांना हे तत्त्व नवे नाही. जुलाबाने मध्यम शुष्कता आलेल्या मुलास आपण जागतिक आरोग्य संघटनेच्या 'प्लॅन बी'प्रमाणे किलोमागे ७५ मिलिलिटर क्षारसंजीवनी चार तासांत देतो. चार तास झाले की मुलाला पुन्हा तपासतो. सुधारणा असेल तर घरी पाठवण्याची तयारी, फरक नसेल तर तोच उपचार पुन्हा, बिघाड असेल तर शिरेवाटे सलाईन. "चार तास खर्ची घातलेच आहेत, आता आणखी थोडे पाहू" असा विचार करून सलाईन लांबवणाऱ्या निवासी डॉक्टरला आपण रागावतो. पुनर्तपासणीची वेळ आधी ठरलेली असते, आणि त्या वेळी मुलाची जी स्थिती असेल तिच्यावरच निर्णय होतो. मागे किती वेळ गेला, याचा त्यात हिशेब नसतो. वॉर्डात रोज शिकवलेली ही गोष्ट विमानतळावरच्या खुर्चीत मी विसरलो होतो.

तेव्हा घरून निघतानाच तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत, असे मी सुचवतो.

पहिला प्रश्न : मला कोणत्या वेळेपर्यंत पोहोचलेच पाहिजे? पुष्कळदा उत्तर येते की तसे काही बंधन नाही. मग पुस्तक काढावे आणि स्वस्थ बसावे.

दुसरा प्रश्न : त्या वेळेपर्यंत पोहोचवणारी शेवटची दुसरी वाट कधी बंद होते? आपली खरी मुदत हीच. बडोदेकरांना या बाबतीत दैव अनुकूल आहे. दिल्ली–मुंबई मार्गावरील राजधानी गाड्या येथे थांबतात, आणि अहमदाबादचे विमानतळ द्रुतगती मार्गाने सुमारे दोन तासांवर आहे. गाडी पाचला असेल, तर मेट्रो, सामान आणि गर्दी यांचा वेळ वजा करून 'साडेतीन' ही वेळ लिहून ठेवावी.

तिसरा प्रश्न : त्या मुदतीला मी काय पाहणार? येणारे विमान उतरले आहे का आणि वैमानिक आहेत का, या दोहोंचे उत्तर 'होय' नसेल तर उठावे. फलकावर कोणतीही वेळ असो.

निर्णय मुदतीआधी घेण्याचा आणखी एक लाभ आहे. विमान रद्द झाले की सुमारे १८० प्रवासी एकाच क्षणी एकाच काउंटरकडे धावतात आणि उरलेल्या मोजक्या जागा मिनिटांत संपतात. रांगेत उभे असतानाच फोनवरून व ॲपवरूनही प्रयत्न करावा.

नियम काय सांगतात?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तास वा अधिक लांबणार असेल, तर प्रवाशास अल्पोपाहार व भोजन मिळावयास हवे. देशांतर्गत विमान सहा तासांहून अधिक लांबणार असेल, तर सहा तासांच्या आत दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, असा पर्याय कंपनीने द्यावयाचा असतो. धुक्यासारख्या कारणांनी नुकसानभरपाई मिळत नाही. परंतु विमान रद्द झाल्यास तिकिटाचे पैसे वा दुसरे विमान यांवरील हक्क राहतो. योगायोग असा की १५ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे मी बडोद्यास पोहोचलो त्याच दिवशी, महासंचालनालयाने नवी कार्यपद्धती जाहीर केली. उशिराची अचूक माहिती वेळोवेळी द्यावी, असे तीत सांगितले आहे, आणि तीन तासांहून अधिक लांबण्याची चिन्हे असलेले उड्डाण पुरेसे आधी रद्द करण्याची मुभाही कंपन्यांना दिली आहे.

काही व्यावहारिक सूचना. घाईने स्वतः तिकीट रद्द करू नये, त्यात बहुधा पैसे कापले जातात. आधी कंपनीकडे विनाशुल्क बदल मागावा. परतीचे तिकीट एकाच आरक्षणात असेल, तर न कळवता निघून जाऊ नये, पुढचा टप्पाही रद्द होऊ शकतो. सुरक्षा तपासणीनंतर बाहेर पडण्यास कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे साहाय्य लागते आणि दिलेले सामान परत मिळण्यास वेळ जातो. म्हणून महत्त्वाच्या कामास जाताना हातातली एकच बॅग बरी. इन्शुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, लहान मुलांचे खाणे आणि क्षारसंजीवनीची पाकिटे याच बॅगेत ठेवावीत.

दुसरी बाजू

प्रत्येक वेळी वाट बदलावी, असा मात्र याचा अर्थ नाही. आमचे एक स्त्रीरोगतज्ज्ञ मित्र एकदा तासाभराच्या उशिराने अस्वस्थ झाले आणि त्यांनी मुंबईमार्गे नवे तिकीट काढले. त्यांचे मूळ विमान वीस मिनिटांत सुटले, आणि ते स्वतः मुंबईस पुढचे विमान चुकून रात्रभर बसून राहिले. त्यांनी पहिला प्रश्न स्वतःला विचारला असता, तर आपल्याला घाई नाही हे त्यांच्या ध्यानात आले असते. कारणाविना केलेला उपचारही अपायकारक ठरतो.

आजही प्रवासास निघताना मी खिशातील चिठ्ठीवर एक वेळ लिहितो. गेल्या दोन वर्षांत दोनदा त्या वेळी उठून स्थानकावर गेलो. त्यांपैकी एकदा विमान माझ्या आधी पोहोचले. मित्रांनी थट्टा केली, ती मी आनंदाने सोसली. कारण त्या रात्री गाडीत मला शांत झोप लागली होती. थांबणे किंवा निघणे, दोन्ही निर्णय चुकू शकतात. परंतु निर्णय आपण घ्यावा, फलकावर सोपवू नये. आपली वाट पाहत कोणी खाटेवर पडून असेल, तर निश्चितच नाही.