हृदयाच्या ठोक्यावर पेसमेकर चालेल का?

स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर 'खट्' करून दाबला की ठिणगी पडते. आत ना बॅटरी, ना वायर. असतो तो सिरॅमिकचा छोटा तुकडा. त्याच्यावर आतली हातोडी आदळते आणि क्षणभर काही हजार व्होल्ट तयार होतात. दाब दिला की वीज, हाच पिझोइलेक्ट्रिक परिणाम. जॅक आणि पिएर क्यूरी या भावांनी तो १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवला.

आता पेसमेकरकडे येऊ. त्याची बॅटरी डबीतच सीलबंद असते. ती संपत आली की, म्हणजे साधारण ५ ते १५ वर्षांनी, पुन्हा ऑपरेशन. सत्तरीत पेसमेकर बसला तर एकवेळ ठीक, पण विशीत बसला असेल तर अशी किती ऑपरेशनं होतील बघा. आणि ज्या हृदयासाठी हा खटाटोप, ते स्वतः दिवसरात्र हलतंय! ती हालचाल वापरायची तर अडचण अशी की लायटरमधलं सिरॅमिक, म्हणजे पीझेडटी, पापडासारखं आहे. वाकवलं की मोडतं.

पण वस्तू पातळ केली की वाकताना तिच्यावर येणारा ताण कमी होतो. काच फुटते, काचेचा ऑप्टिकल फायबर मात्र गुंडाळता येतो. जानान दादेविरेन, जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हेच केलं. पीझेडटीच्या फक्त ५०० नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्या प्लास्टिकच्या फिल्मवर बसवल्या आणि ती फिल्म गायी-मेंढ्यांच्या धडधडत्या हृदयावर टाके घालून शिवली. कार्यक्षमता निघाली साधारण २ टक्के. नाक मुरडू नका. पाच थर एकावर एक ठेवल्यावर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.२ मायक्रोवॉट मिळाले, आणि पेसमेकरची भूक असते जेमतेम काही मायक्रोवॉटची.

या विषयावरचे पेपर वाचताना मात्र व्होल्टचे आकडे बघून हुरळून जाऊ नका. लायटरही हजारो व्होल्ट देतो, पण त्यावर मोबाइल चार्ज होत नाही, कारण विद्युतभार अगदी थोडा असतो. सरासरी पॉवर किती आणि ती कुठला लोड जोडून मोजली, हे विचारायचं.

'सेल्फ-पॉवर्ड' हा शब्दही जरा निसरडाच. मनगटावरच्या पॅचमध्ये नाडीच्या प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज येतं. तोच सिग्नल, म्हणून सेन्सरला बॅटरी नको, हे खरं. पण तो सिग्नल मोठा करून ब्लूटूथने फोनवर पाठवायचा तर पाठवताना मिलिवॉट लागतात, म्हणजे हजारपट मोठी गोष्ट! अशा पॅचला बहुतेक वेळा कुठेतरी बॅटरी असतेच. शिवाय दाब बदलला तरच सिग्नल येतो. स्थिर दाबाचा विद्युतभार गळून जातो. त्यामुळे नाडीची लहर छान दिसते, पण रक्तदाबाचा नेमका आकडा हवा असेल तर आधी दंडाला पट्टा बांधून कॅलिब्रेशन करावं लागतं.

राहिला पदार्थाचा प्रश्न. पीझेडटीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं. पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकमध्ये (त्याचा हा गुण कावाई यांनी १९६९ मध्ये दाखवला) शिसं नाही, ते मुळातच लवचिक आहे; पण तेवढ्याच दाबाला ते पीझेडटीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच विद्युतभार देतं, कधी त्याहूनही कमी. पीझेडटी शरीरात ठेवायचं तर आवरण असं हवं की पाणी आत जाणार नाही आणि फिल्म ताठही होणार नाही. हृदयाचे दिवसाला सुमारे १ लाख ठोके धरले तर दहा वर्षांत ते आवरण जवळपास ३६ कोटी वेळा वाकणार आहे.