घड्याळाशी स्पर्धा

सायकलच्या शर्यतीत एक प्रकार असा आहे की ज्यात स्पर्धक एकमेकांच्या सोबतीने धावत नाहीत. ठरावीक अंतराने एकेकाला सोडले जाते. पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवण्याची मुभा नसते. स्पर्धा केवळ घड्याळाशी. आरंभीच शक्ती उधळली तर शेवटी ती उरत नाही. अती राखून ठेवली तर वेळ हातचा जातो. भांडवल जपून वापरणाऱ्या व्यापाऱ्याला हे गणित सहज उमगेल. या ‘टाइम ट्रायल’ प्रकारात लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवणारी अमेरिकेची क्रिस्टिन आर्मस्ट्राँग ही मुळात सायकलपटू नव्हतीच.

ती ट्रायथलॉन खेळत असे. पोहणे, सायकल आणि धावणे, ही तिची साधना. २००१ मध्ये तिच्या खुब्याच्या दोन्ही सांध्यांना अस्थिसंधिवात जडल्याचे निदान झाले आणि धावणे कायमचे सुटले. तीनपैकी एक पाय मोडला की तिपाई उभी राहत नाही. तिने शोक केला असेल. पण जे उरले होते त्यातील सायकल तिने उचलली.

२००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये रस्त्यावरील शर्यतीत ती आठवी आली. २००६ मध्ये ती टाइम ट्रायलची विश्वविजेती झाली. बीजिंगच्या तयारीसाठी तिने तेथील मार्गाच्या चढ-उतारांची यंत्राद्वारे नोंद केली आणि आयडाहो राज्यातील बॉयसी या आपल्या गावाजवळ तसाच चढ शोधून त्यावर सराव केला. २००८ मध्ये सुवर्णपदक आले. २००९ मध्ये पुन्हा विश्वविजेतेपद मिळवून तिने निवृत्ती घेतली. २०१० मध्ये ती आई झाली.

मूल लहान असतानाच ती परतली. लंडन ऑलिम्पिकपूर्वी मे २०१२ मध्ये शर्यतीत पडून तिचे गळ्याखालचे हाड मोडले. तरीही ऑगस्टमध्ये दुसरे सुवर्णपदक तिच्या गळ्यात होते. पुन्हा निवृत्ती, मग खुब्यावर शस्त्रक्रिया आणि पुन्हा पुनरागमन. या वेळी घर, मूल आणि रुग्णालयातील सामुदायिक आरोग्याची नोकरी सांभाळून सराव चालला होता. रिओसाठी तिची निवड झाली, तेव्हा काही सहकारी खेळाडूंनी लवादाकडे दाद मागितली. निवड कायम राहिली. शंकेचे उत्तर मात्र रस्त्यावरच द्यायचे होते.

१० ऑगस्ट २०१६. दुसऱ्या दिवशी तिला त्रेचाळीस वर्षे पूर्ण होणार होती. रिओत पाऊस, वारा आणि निसरडा चढ. नाकातून रक्त वाहत असतानाही तिने ४४ मिनिटे २६.४२ सेकंदांत अंतर कापले आणि रेषा ओलांडताच ती जमिनीवर कोसळली. जिंकूनही आई का रडते, हे पाच वर्षांच्या मुलाला कळेना.

तिच्या तीन विजयांचा ताळेबंद पाहण्याजोगा आहे. बीजिंगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर २४.२९ सेकंदांची आघाडी, लंडनमध्ये १५.४७, रिओमध्ये अवघी ५.५५. वय वाढत गेले, नफा आटत गेला. पण खाते एकदाही तोट्यात गेले नाही.

घरातील मुलाचा वा सुनेचा एखादा मार्ग आजाराने किंवा परिस्थितीने बंद झाला, तर आपण फार लवकर हिशेबाची वही मिटतो. त्या वेळी उरलेल्या शिलकेकडे एकदा नीट पाहावे, एवढे तरी या कारकिर्दीतून शिकता येईल.