माती तशी दबाई

पवना नदीच्या काठचे रावेत हे पूर्वी पुणे जिल्ह्यातील हवेली तालुक्याचे, शेतीवर जगणारे गाव होते. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. वरच्या अंगास असलेल्या पवना धरणाचे पाणी नदीवाटे खाली येते आणि रावेतच्या बंधाऱ्यावरून ते शहरासाठी उचलले जाते. जुन्या शेतांच्या जागी आता रुंद रस्ते आणि उंच इमारती उभ्या आहेत. अशा प्रत्येक कामाचा आरंभ सारखाच असतो. माती पसरली जाते, तिच्यावर पाणी मारले जाते आणि मग रोलर फिरू लागतो.

पाहणाऱ्यास हे काम सोपे वाटते. परंतु नदीकाठची काळी माती, चढावरचा मुरूम आणि पात्रातील वाळू या तिन्हींस एकच रोलर सारखाच लागू पडत नाही. जी गोष्ट रस्त्यास लागू, तीच गावच्या पाझर तलावास, नालाबांधास आणि शेततळ्याच्या बांधासही लागू आहे. म्हणून शेतकऱ्यांनी व ग्रामसेवकांनी ती समजून घेणे आवश्यक आहे.

दबाई म्हणजे काय?

मातीच्या ढेकळात कणांमध्ये पोकळी असते. तिच्यात काही हवा व काही पाणी असते. दबाईने पाणी बाहेर पडत नाही. हवा बाहेर पडते व कण एकमेकांजवळ येतात. अशी माती भार सहन करते, पुढे फारशी खचत नाही आणि तिच्यातून पाणीही कमी झिरपते. न दाबलेला भराव मात्र पहिल्याच पावसाळ्यात बसतो. त्यास भेगा जातात, आणि त्या भेगांतून पाणी आपली वाट काढते.

पाणी किती घालावे?

माती फार कोरडी असेल तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत आणि रोलर ढेकळांवरून नुसता जातो. पाणी फार झाले तर पोकळी पाण्याने भरते, आणि पाणी काही दाबले जात नाही. मग रोलरापुढे माती रबरासारखी हलते. या दोहोंच्या मध्ये पाण्याचे एक योग्य प्रमाण असते व त्या प्रमाणात माती सर्वांत घट्ट बसते. धरणाच्या भरावासाठी हे प्रमाण प्रयोगाने काढण्याची रीत कॅलिफोर्नियातील अभियंते प्रॉक्टर यांनी १९३३ साली प्रसिद्ध केली.

ती रीत आजही चालते. भारतीय मानकाप्रमाणे १ लिटरच्या साच्यात माती तीन थरांत भरतात. प्रत्येक थरावर २.६ किलो वजनाचा ठोकळा ३१ सेंटिमीटर उंचीवरून २५ वेळा टाकतात. पाणी थोडे थोडे वाढवीत हा प्रयोग पुन्हा पुन्हा करतात आणि माती कोणत्या प्रमाणात सर्वांत घट्ट होते ते पाहतात. वाळूसर मातीस वजनाने शेकडा १० च्या सुमारास पाणी पुरते. काळ्या चिकण मातीस शेकडा २० ते ३० लागते.

प्रयोगशाळा जवळ नसेल तेथे हाताची परीक्षा उपयोगी पडते. चिकण माती मुठीत दाबावी. गोळा टिकला, तळहात ओला झाला नाही आणि बोटांनी दाबताच गोळ्याचे तुकडे झाले, तर पाणी बेताचे आहे असे समजावे. गोळा बनलाच नाही तर पाणी कमी आहे. तो बोटांस चिकटू लागला तर माती थोडी वाळू द्यावी.

माती तसा रोलर

मुरूम व खडीमिश्रित माती यांस ८ ते १० टन वजनाचा, गुळगुळीत लोखंडी चाकांचा रोलर चांगला. चिकण मातीवर मात्र हाच रोलर वरचा पापुद्रा कडक करतो आणि खाली माती सैल राहते.

चिकण मातीसाठी शीपफूट रोलर वापरतात. त्याच्या पिंपावर मेंढीच्या खुरांसारखे बोथट दांडे असतात. हे खूर थरात खोल रुततात आणि माती खालून वर मळत आणतात. फेरे वाढतात तशी माती कठीण होते व खूर कमी कमी रुततात. ते जवळजवळ वरच राहू लागले की थर बसला असे समजावे.

पोयट्याची मिश्र माती रबरी टायरांच्या जड रोलराने चांगली दबते. वाळूवर नुसते वजन उपयोगी पडत नाही, कारण ती बाजूस सरकते. तिला कंप देणारा रोलर व भरपूर पाणी लागते. कंपाने कण आपोआप एकमेकांत बसतात.

काळ्या मातीचे दोन गुण

काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने आकसून भेगाळते. म्हणून रस्त्याच्या वरच्या थरात ती घालू नये. तेथे मुरूम घालावा किंवा काळ्या मातीत चुना मिसळून ती सुधारून घ्यावी. उलट तलावाच्या बांधाच्या गाभ्यात हीच माती मोलाची ठरते, कारण नीट दाबल्यावर ती पाणी अडविते. मात्र तिच्यावर मुरुमाचे कवच हवे. नाहीतर उन्हाळ्यात गाभाच भेगाळेल.

पानशेतची आठवण

पुण्याच्या नैर्ऋत्येस अंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम अपुरे असतानाच १९६१ च्या पावसाळ्यात जलाशय भरू लागला. पाणी सोडण्याच्या नळीवरील भराव खचत गेला. जवानांनी वाळूची पोती रचून तो सावरण्याची शर्थ केली, तरी १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठची वस्ती उद्ध्वस्त झाली.

हा अनर्थ केवळ दबाईच्या उणिवेने झाला असे नव्हे. नळीचे कामच अपुरे होते आणि तिला पोलादाची बळकटी नव्हती. परंतु मातीच्या बांधाचा नाजूक भाग कोठे असतो, हे त्यावरून कळते. नळी, भिंत किंवा सांडवा मातीस जेथे मिळतो तेथे जड रोलर पोहोचत नाही. त्या जागी माती १० सेंटिमीटरच्या पातळ थरांत घालावी आणि प्रत्येक थर धुम्मसाने चोपून घ्यावा. अशा ठिकाणी कंटाळा करणे म्हणजे पाण्यास आपणच वाट करून देणे होय.

गावच्या कामावर काय पहावे?

१. प्रथम वरची सुपीक माती, गवत व मुळ्या काढाव्यात. मुळ्या कुजल्या की भरावात पोकळी राहते. काढलेली माती वाया न घालविता शेतात परत टाकावी.

२. दाबल्यानंतर थराची जाडी १५ ते २० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. जाड थर टाकून फेरे वाढविल्याने खालची माती दबत नाही.

३. पुढील थर टाकण्यापूर्वी खालचा गुळगुळीत थर खरवडून ओला करावा, म्हणजे दोन्ही थर एकजीव होतात.

४. थरात खड्डा खणून निघालेली माती तोलावी व तिचा ओलावा काढावा. खड्डा मापाच्या वाळूने भरला की त्याचे आकारमान कळते. प्रयोगात दर घन सेंटिमीटरला कोरड्या मातीचे वजन १.६० ग्रॅम आले असेल आणि शेकडा ९५ इतका घट्टपणा हवा असेल, तर येथे ते निदान १.५२ ग्रॅम भरले पाहिजे. कमी भरल्यास त्यावर पुढचा थर टाकू देऊ नये.

शेतात मात्र उलट

बांधास जे हितकर तेच पिकास अहितकर असते. मुळांना पोकळीतील हवा लागते व पावसाचे पाणीही तिच्यातूनच मुरते. म्हणून कामावरील रोलर व ट्रक यांची वाट शेतातून जाऊ देऊ नये, आणि ओल्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टर घालू नये. एकदा घट्ट झालेली जमीन पुन्हा मोकळी करण्यास फार श्रम पडतात.

रोलराचे फेरे मोजणे सोपे असते. थराखालची माती पाहणे कष्टाचे असते. बांधाचे काम पावसाळ्यापूर्वी संपविण्याची घाई असते हे खरे, पण बांधाची परीक्षा पावसाळाच घेतो. तत्पूर्वी ती गावाने स्वतः, थराथराने घ्यावी.